आईच्या मापाचं जाकीट

आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला एक नियम होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता: मॉडेल कोणीही करो, परीक्षकांसमोर बोलणार मुलगाच. मुलींनी टेबलासमोर रांगोळी काढायची. नववीपर्यंत मला या नियमाचा इतका संताप आला होता की रांगोळीचा डबा दिसला तरी डोकं फिरायचं.

त्या वर्षी अंगावर घालायच्या इलेक्ट्रॉनिक्सचा प्रकल्प आला. वीज वाहून नेणारा दोरा, शिवता येतील असे बारके दिवे, बटणाएवढा सेल. मी आईसाठी जाकीट करायचं ठरवलं. ती शेतातल्या निंदणाहून अंधार पडता पडता मंगरूळपीरच्या रस्त्याने घरी येते आणि ट्रक तिला घासून जातात. पाठीवर दिवे, पुढे धातूची टिचबटणं. बटणं लागली की सर्किट पूर्ण. वेगळा स्विचच नाही.

पहिल्यांदा एकही दिवा लागला नाही. गाठींची सुटी टोकं एकमेकांना चिकटत होती. सगळं उसवलं, टोकं बारीक कापली, गाठींवर नेलपॉलिश लावलं. लागले!

विज्ञानाचे सर म्हणाले, "झकास! आता हे घालून तो सांगन." तो म्हणजे वर्गातला सगळ्यात धिप्पाड पोरगा, कबड्डीवाला.

"काहून सर? बनवलं तं मी."

"तू घाबरशीन. त्याचा आवाज मोठा हाये."

मी गप्प बसले. मुद्दाम. जाकीट आईच्या मापाचं, आणि आई माझ्यासारखीच काडी. सरांनी ते टेबलावर उजळलेलं पाहिलं होतं, कोणाच्या अंगात नाही.

परीक्षक बाई आल्या. कबड्डीवाल्याने जाकीट कसंबसं चढवलं, बटणं ओढली. मध्ये वीतभर अंतर.

"पोट आत घे ना बे," सर कुजबुजले.

"घेतलं ना सर! आता काय जीव घेता?"

बाईंना हसू आवरेना. मी पुढे झाले. "काढ. ते माझ्या मापाचं हाये."

"घे माय, तूच घे," तो सुटल्यासारखा म्हणाला.

टिच, टिच, टिच. पाठ उजळली. मग मी बोलले. दोरा, गाठी, नेलपॉलिश, ट्रक, सगळं. घाबरायला वेळच नव्हता.

"पण मग हे दुसऱ्याला कसं होणार?" बाईंनी विचारलं.

"ज्याचं त्याच्या मापानं शिवा लागते, मॅडम. आन जी शिवते तिनंच सांगावं."

सर खाली पाहत होते. पहिला नंबर आला.

आई ते जाकीट घालते. ट्रकवाले आता लांबूनच बाजू देतात. पुढच्या वर्षी मॉडेल पुन्हा मीच सांगितलं. रांगोळी कबड्डीवाल्याने काढली. वाकडी होती, पण काढली.