आतल्या टाकीचा काटा

नात डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करते, म्हणून मी लातूरला तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत तिला रांधून घालते. माझं घर लोह्याजवळच्या खेड्यात. इथं बोलायला माणूस नाही आणि जिना चढून चढून गुडघे गेले. मुलानं बजावलं होतं, रविवारच्या चाचणीत पुन्हा मार्क कमी आले तर दोघींनी गावाकडं निघून यायचं. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. मी माझी लुगडी पिशवीत भरूनही ठेवली.

तिला मात्र इथंच राहायचं होतं, आणि ती दाबाच्या गणितावर अडली होती. दोन टाक्या एकमेकींना जोडलेल्या. पहिलीचा दाब दाखवणारा काटा बाहेर, दुसरीचा पहिलीच्या आत. दुसरीत एकूण दाब किती, ते काढायचं. उत्तर दरवेळी चुकायचं.

मी भाकरी थापत होते. ती जवळ येऊन बसली, म्हणाली, तुला समजावून सांगते. मी म्हटलं, मी चौथी शिकलेली, त्यातलंही निम्मं विसरले. तरी तिनं सांगितलंच. काटा शून्यावर आला म्हणजे टाकी रिकामी झाली असं नाही. आतला दाब बाहेरच्या हवेइतकाच आहे, एवढंच. काटा फक्त जास्तीचं दाखवतो. एकूण पाहिजे तर बाहेरच्या हवेचा दाब त्यात मिळवायचा. इथवर मला पटलं. पुढं दुसऱ्या टाकीपाशी सगळा गोंधळ.

"न्हाई समजलं," मी म्हटलं. "परत सांग."

तिनं परत सांगितलं. तव्यावरची भाकरी करपली. तिसऱ्यांदा सांगताना तिनं मध्येच पुस्तकातल्या आकृतीवर बोट ठेवलं.

"आजी, दुसरीचा काटा तर पहिल्या टाकीत बसलाय. त्याच्यासाठी बाहेर म्हणजे पहिली टाकीच. मी त्यालाबी बाहेरचीच हवा मिळवून राहिले होते."

"मग आता?"

"आधी पहिलीचा एकूण दाब काढायचा. त्यात दुसरीच्या काट्याचा आकडा मिळवायचा."

पुस्तकाच्या मागचं उत्तर तिनं पाहिलं. जुळलं. करपलेली भाकरी कुरकुर न करता खाल्ली आणि तसलीच बाकीची गणितं घेऊन बसली.

रविवारची चाचणी चांगली गेली. मुलाचा फोन आला, आवाज खूश. म्हणाला, "आई, आता वरीसभर काढ तिथंच."

मी 'हाव, काढते' म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पिशवीतली लुगडी काढून परत दोरीवर टाकली. दूध संपलं होतं, ते आणायला जिना उतरले.