पांढऱ्याचं पथ्य

ताईच्या रक्तात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्याचं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि भिंगारला परतताना टांग्यातच काकांनी उपचार ठरवून टाकला: पांढरं बंद. दूध, दही, भात, साखर, खोबरं. इतकंच काय, तिच्या उशाशी मोगऱ्याचं फूलही ठेवायचं नाही. वडिलांमागे घराचा कारभार काकांकडे होता, शिवाय ते शाळेत शास्त्र शिकवीत. या दोन अधिकारांपुढे आईची मान कधी वर झाली नाही.

"शत्रूची रसद तोडायची, वहिनी," असं म्हणून ते स्वतःच्याच वाक्याला मान डोलावत.

ताईचं तोंड आतून सोललं होतं. त्या तोंडाला बाजरीची भाकरी आणि लालभडक चटणी मिळे. लाल खाल्लं की लाल रक्त वाढणार! पहिल्याच घासाला तिच्या डोळ्यांतून धारा लागत. "विष बाहेर पडतंय," काका समाधानाने सांगत आणि आपल्या दहीभाताकडे वळत. हिंगाच्या फोडणीचा तो वास ताई डोळे मिटून हुंगत राही.

पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात आलं की रक्ताच्या काही कर्करोगांत पेशी वाढीचा संदेश देणारं द्रव्य स्वतःच निर्माण करतात आणि स्वतःच ते झेलतात. हाकही त्यांचीच, ओही त्यांचीच. वाटीभर दह्यावाचून त्यांचं काहीएक अडत नव्हतं. हे तेव्हा भिंगारात कोणाला ठाऊक असणार? मान्य. पण भुकेल्या मुलीचा चेहरा वाचायला कोणतं शास्त्र लागतं?

एका दुपारी काका शाळेत असताना मी गवळ्याकडून धारोष्ण दूध आणलं. पेल्याला अजून गाईची ऊब होती. ताईने तो दोन्ही हातांत धरला, ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला.

"नको गं. ते वाढेल."

"कोण म्हणतं?"

"काका शिकलेले आहेत. तू अजून नववीत." ती हसली तेव्हा फुटलेल्या ओठावर रक्ताचा थेंब आला.

मी रडले, गळ्याची शपथ घातली. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला जगायचं होतं. काकांचं सारं राज्य त्या इच्छेवर चाललं होतं.

शाळा सुटल्यावर काका आले. पेला पाहून त्यांनी मला फैलावर घेतलं. ताईने थेंबही घेतला नाही हे कळल्यावर मात्र त्यांचा चेहरा उजळला. अन्न वाया जाऊ नये म्हणून ते दूध त्यांनी उभ्याउभ्याच संपवलं, मिशी पुसली आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

"शाबास, पोरी!"