ठाकुरांची रायफल आणि आमचे मामाजी

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, कुठलीही वस्तू पहिल्याच झटक्यात नीट बसली की तिच्याकडे संशयाने बघत. डब्याचं झाकणसुद्धा पुन्हा उघडून पाहत. जबलपुरात बंदुकांच्या कारखान्यात जन्म गेलेला माणूस. "आत जाते म्हणून ते त्याचंच असते काय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी नवी सून. जगातलं सगळं आपल्याला कळतं, असा माझा तोरा.

लढाईचे दिवस. कारखाना रात्रंदिवस चालू. मामाजींना कशीबशी सुटी मिळाली, तर महाराजपुराकडचे ठाकूर आपल्या आजोबांची जुनी रायफल घेऊन जबलपुरातच अधारतालला आमच्या अंगणात हजर. एका वेळी एकच काडतूस घेणारी. गावात बिबट्या वासरं उचलत होता आणि संध्याकाळी ठाकूर मचाणावर बसणार होते. काडतुसं नवीकोरी आणलेली.

"अंदर तो मक्खन जैसा गया," ते म्हणाले.

"बसलं ना, मग झालं!" चहा देता देता मी ठोकून दिलं. काय ती अक्कल!

मामाजींनी काडतूस बाहेर काढलं. "ठाकूरसाब, आँखें प्यारी हैं कि नहीं? ये नई बारूद का है, बहुत जोर की. आपकी बंदूक पुरानी काली बारूद की. पीछे का खटका उड़के सीधा मुँह पे आएगा."

मचाण त्या दिवशी रिकामंच राहिलं.

मामाजींनी माझ्या दुधाच्या पातेल्यात गंधक वितळवलं, नळीत चिंधीचा बोळा बसवून मागच्या बाजूने ओतलं आणि थिजल्यावर पिवळी कांडी बाहेर काढली. काडतुसाच्या जागेचा हुबेहूब ठसा! "काहून रडून राहिली? पातेलं दुसरं आणू," म्हणत त्यांनी कांडी मोजली. काडतुसामागून नळी बंद करणारा तो खटका भिंगातून तपासला, तडा नव्हता. त्या मापाची काळ्या दारूची काडतुसं सराफ्याजवळच्या एका म्हाताऱ्या बंदूकवाल्याकडे मिळाली.

तरी विश्वास नाहीच. माळावर रायफल जुन्या टायरला बांधली, घोड्याला लांब सुतळी लावली आणि आम्ही सगळे मातीच्या ढिगाआड.

"सूनबाई, ओढ."

दिवाळीत लवंगीलाही कानात बोटं घालणारी मी! डोळे मिटून अशी ओढली, की धडाका झाला आणि मी ठाकुरांच्या पायाशी आडवी. मामाजींनी मला उचललं नाही. आधी रिकामं काडतूस पाहिलं. फुगलं नव्हतं, चिरलं नव्हतं. "जमलं!" म्हणत ते पांढऱ्या धुरात चक्क नाचले. मग आळीभर सांगत सुटले, "आमच्या सुनेनं रायफल चालवली!" मीही मान ताठ करून हिंडले, आडवी झाल्याचं कुणाला सांगते!

ठाकुरांनी त्याच आठवड्यात बिबट्या लोळवला.

पुढे ठाकूर खूप म्हातारे होऊन गेले. मामाजी खांदा देऊन परतले ते अंगणातच थांबले. "दोन्ही डोळे शाबूत घेऊन गेला, बाई," म्हणाले, आणि रडता रडता लढाई जिंकल्यासारखे हसले.