चेटकिणीच्या तोंडावर रवा

ऐन मे महिन्यात, भर दुपारी दोन वाजता, मनीषनगरच्या आमच्या गच्चीवर मी एका चेटकिणीच्या तोंडाला रवा फासला. तेव्हा मी जेमतेम बासष्टची, वयच अल्लड.

चेटकीण बोटभर उंचीची, प्लास्टिकची, आणि माझी नव्हे. ती पातळभाऊंची. नातीच्या पटावरच्या खेळातले असलेच राक्षस रंगवायला मी त्यांच्याकडे शिकत होते. हिंगण्याच्या कारखान्यात रंगखात्यात जन्म काढलेले भाऊ मूळचे विणकराच्या घरातले. "लहानपणी मागावरच्या ताण्याच्या धाग्याले खळ लावली मी. घट्ट लावली का धागा मरते. रंगाचंही तसंच, बाई. पातळ कर." हे दिवसातून दहादा. नाव त्यावरूनच पडलेलं.

रंग कालवला की ते आधी डाव्या अंगठ्याच्या नखावर रेघ ओढत. रेघेतून नख दिसलं पाहिजे, नाहीतर अजून पाणी. मला एवढा धीर कुठला! पहिल्या राक्षसावर मी डबीतला रंग तसाच थापला. नाक, दात, मिशा, सगळं बुजलं. भाऊंनी बराच वेळ निरखलं. "पुरणपोळी छान झाली वं," म्हणाले.

त्या वर्षी त्यांचा हात थरथरू लागला होता. कोपरं टेबलावर रोवून, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवून ते ब्रश धरत. तरी टोक नाचायचंच. ही चेटकीण त्यांनी वर्षानुवर्षं जपलेली. हात पुरता जायच्या आत तिचे डोळे रंगवायचे होते. त्याआधी प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराचा, फवारा मारायला माझ्याकडे दिली ती बजावूनच: "पहाटे मार. उन्हात मारशील तं रंग हवेतच वाळते."

पहाटे मी घोरत होते. दुपारी फवारा मारला. रंग वाटेतच सुकला आणि कण होऊन तिच्या तोंडावर बसला. हाच तो रवा.

आठ दिवस ती माझ्या गव्हाच्या डब्यात लपली. रोज भाऊंचा फोन.

"वाळली काय वं?"

"वाळतेय, भाऊ."

नागपूरच्या मे महिन्यात! पापड तासाभरात कडक होतात आणि माझी चेटकीण आठ दिवस ओली. इकडे मी थापा मारत होते आणि तिकडे त्यांचा हात रोज थोडाथोडा जात होता. 

नवव्या दिवशी गेले. चेटकीण पुढे केली.  भाऊ तिला स्पिरिटमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने दोन दिवस घासत बसले. मग पहाटे, माझ्यादेखत, पुन्हा प्रायमर. गालावर चार कण राहिलेच.

डोळे काढायचा दिवस आला. भाऊंनी ब्रश भिजवला, नखावर रेघ ओढली. नागमोडी आली. पुसून दुसरी ओढली, ती त्याहून वाकडी. त्यांनी ब्रश माझ्यापुढे धरला. घेताना माझा हात त्यांच्याहून जास्त कापत होता.

"भाऊ, माझ्यानं नाही व्हायचं."

"माहा हात वयानं कापते, तुहा भेवानं. भेव जाते, बाई. टेकव मनगट."