सुनिलसोबत गेलेली किल्ली

कुरखेड्याकडच्या त्या गावात माणूस गेला की त्याच्या आवडीच्या वस्तू मातीत त्याच्याजवळ ठेवतात. तिकडे त्याला काही कमी पडू नये. मोटारसायकल घसरून सुनिल गेला, तेव्हा सुकरीनं लेकाच्या उशाशी त्याचा शर्ट ठेवला, कंगवा ठेवला आणि तो सदा खिशात बाळगायचा ती पेनड्राइव्हसारखी काळी वस्तूही ठेवली.

पावसाळा सरल्यावर सुनिलचा नोकरीतला मित्र संघपाल भद्रावतीहून आला. सुनिलनं बहिणीच्या, दिव्यानीच्या नर्सिंगसाठी पगारातून बिटकॉइन घेऊन ठेवले होते, असं त्यानं सांगितलं. मोबाइलवर दाखवलंही. जमा होती तशीच होती.

"मंग काढ ना बाबू," सुकरी म्हणाली.

संघपाल अवघडला. खात्याला दोन किल्ल्या असतात. एक उघडी, तिच्यावरून खात्याचा पत्ता बनतो; त्या पत्त्यावर कोणीही पैसे टाकावेत, बघावेत. दुसरी गुप्त, तिची सही झाल्याशिवाय आतला पैसा हलत नाही. गुप्त किल्लीपासून उघडी बनते, पण उघडीवरून गुप्त शोधायला सगळ्या जगातले कॉम्प्युटर लावले तरी जन्म पुरत नाही. अर्ज करावा असा साहेबही तिथं नसतो.

सुकरी मोहाची दारू गाळायची. "दारूतून फुलं परत नाई निघत," ती म्हणाली.

तसंच, संघपाल म्हणाला. गुप्त किल्ली त्या काळ्या वस्तूत होती. तिचा पिन त्याला ठाऊक होता, वस्तू तेवढी हवी होती. जमिनीत ती टिकली असेलही, नसेलही.

गावचा भुमक, म्हणजे पुजारी, वारलू म्हणाला, उकरलं तर गेलेल्याला त्रास होतो. पण जिनं ठेवलं तिनंच ठरवावं.

सुकरी कुदळ घेऊन गेली. दुपारभर मातीजवळ बसली आणि परतली. कुदळीला माती लागली नव्हती.

"मी त्याले देऊन बसली. आता मागू कशी?"

"माह्यासाठीच ठेवलं होतं त्यानं, माय," दिव्यानी म्हणाली.

सुकरी चुलीपुढं बसली. विझत आलेला जाळ फुंकू लागली.

दिव्यानी आता नागपुरात एका घरी पगारावर म्हातारीची सेवा करते. फोन आला की सुकरी विचारते, त्याच्या पैशाले कोनी हात तर नाई लावला?

"नाई, माय. मोबाइलवर पाह्यलं. तसंच आहे."

सुकरीला बरं वाटतं. मग बरं वाटल्याची लाज वाटते, आणि पलीकडून पोरगी काही बोलेल म्हणून ती फोन कानाला धरून बसून राहते.