डावीकडची फळी

बिघडलेले कॉम्प्युटर आणि तापलेली डोकी, ऑफिसात दोन्ही ताईंच्या टेबलापाशी यायची. त्या दिवशी मात्र ताईंचंच डोकं फिरलं होतं. नवं टूल त्यांनी पुन्हा पुन्हा काढून टाकलं, पुन्हा पुन्हा बसवलं; पण कमांड दिली की स्क्रीनचं एकच पालुपद, 'सापडत नाही'.

शेवटी चिडून त्यांनी फोल्डर उघडलं, तर टूल तिथे निवांत बसलेलं. कॉम्प्युटर शोधत होता, पण फक्त नेमून दिलेल्या जागांत, आणि हे फोल्डर त्यांत नव्हतंच. ताईंनी ते त्या जागांच्या यादीत जोडलं, कमांड टाइप करायची टर्मिनलची जुनी विंडो बंद करून नवी उघडली. कमांड मुकाट्याने चालली.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून सासूबाईंची हाक आली, "साखर संपली गं." आपलं घर सोडून इथे राहायला आल्यापासून त्यांचा हात रोज डावीकडच्या फळीवर जाई, त्यांच्या घरी साखरेचा डबा तिथे असे.

"आई, किती वेळा सांगू, उजवीकडे," हे ताईंच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं आणि डबा उचलून डावीकडे ठेवला.

सकाळी ताई उठल्या तेव्हा सासूबाईंनी कुणालाही न विचारता चहा केला होता, ताईंच्याही वाटणीचा.