नागरकट्ट्यामागचा डबा

ही हकीकत सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. घरात विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो, नाहीतर पेपर तोंडासमोर धरायचो. बायको गेली, तिलाही सांगितलं नाही. परवा सुनेने फोन माझ्यापुढे धरला. त्यावर नकाशा होता आणि नकाशावर हिरवे ठिपके. लोकांनी लपवलेले डबे उपग्रहाच्या मदतीने शोधायचे, सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथेच परत ठेवायचा, असा खेळ. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. "बाबा, तुम्ही नकाशांच्या कचेरीत होतात ना, मला शिकवा की," ती म्हणाली. मला असल्या पोरखेळात रस नाही, असं मी तिला तोडून सांगितलं. तिने फोन मागे घेतला. खरं असं आहे की उपग्रह सोडला तर हाच खेळ मी नव्वदच्या दशकात खेळलो आहे, आणि तो खेळून एका माणसाला बंगळुरातून घालवलं आहे.

तो माणूस माझा साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो मला तेव्हा आवडत नव्हता आणि आजही आवडत नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला मनाने मोठा समजायला नको.

आम्ही बंगळुरातले जुने. घराणं इथे कधी आलं हे घरातल्या कुणालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि जेवताना दोन्हीची सरमिसळ. साडू पुण्याचा. यशवंतपूरच्या एका कारखान्यात इंजिनियर म्हणून आला आणि आल्या दिवसापासून आम्हाला शुद्ध बोलायला शिकवू लागला. आमच्या जयनगरच्या घरी, माझ्याच ताटावर बसून तो म्हणाला होता, "अण्णा, तुमचं मराठी म्हणजे सांबारात बुडवलेली पुरणपोळी."

"मग उपाशी राहा," मी म्हणालो. बायकोने ताटात भात वाढून विषय दाबला.

कारखान्याने त्याला काही महिने इंग्लंडला पाठवलं. तिथे माळरानावर लोक डबे लपवतात आणि होकायंत्राचे अंश व पावलं एवढीच खूण मागे ठेवतात, हे तो पाहून आला. येताना एक चांगलं होकायंत्रही आणलं. मग आमच्या ओळखीच्या मराठी घरांत त्याने हा खेळ सुरू केला. चिकपेटहून घट्ट झाकणाचे ॲल्युमिनियमचे डबे आणले. डब्यात वही, पेन्सिल, रबरी शिक्का आणि काही बारीकसारीक वस्तू. एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची. नियम कडक होते. खणायचं नाही, झाडाझुडपांना धक्का लावायचा नाही, डबा जागचा हलवायचा नाही. रविवारी सगळे शहराबाहेरच्या खडकाळ टेकड्यांवर जायचे, पोळी-भाजी बांधून.

मी सरकारी कचेरीत नकाशे काढत होतो. मला वाटलं, ह्यात शिकण्यासारखं काय आहे. पहिल्याच रविवारी होकायंत्र हातात घेतलं, स्कूटरच्या सीटवर ठेवलं, सुई स्थिरावू दिली आणि अंश मोजून चालू लागलो. माझ्या मागून चार घरांची माणसं. मी त्यांना एका काटेरी झुडपात नेऊन उभं केलं. डबा टेकडीच्या पार दुसऱ्या अंगाला होता. स्कूटरच्या लोखंडाने सुई ओढली होती. नवशिक्याची चूक, पण माझ्या धंद्यातल्या माणसाने करायची नव्हे.

साडू पोट धरून हसला. "जन्मभर नकाशे काढले आणि उत्तर दिशा कुठे हे स्कूटरला विचारलं," तो म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तर गोष्ट वेगळी. पण त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत त्याने हे माईकवरून सांगितलं. पुढे कुणाच्या मुंजीत, कुणाच्या डोहाळजेवणात, मी आत शिरलो की एखादा तरी विचारायचा, "काय अण्णा, स्कूटर काय म्हणते?" माझ्या कचेरीतला एक सहकारी त्या गणपतीला आला होता. त्यामुळे कचेरीतही तेच.

मी चिडून शिकलो. इतर लोक हौसेने शिकतात, मी रागाने. लालबागेतल्या खडकावर सकाळी जाऊन पावलं एकसारखी टाकायचा सराव केला. चढावर पाऊल आखूड पडतं, उतारावर लांब, त्याचा हिशेब मनात बसवला. किल्ल्या आणि घड्याळ खिशात ठेवून सुई बघायची नाही हे कळलं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटच्या दहा पावलांत होकायंत्र मिटायचं आणि डोळे उघडे ठेवायचे. कुठला दगड पावसापाण्याने बसलेला आहे आणि कुठला माणसाने ठेवलेला, हे बघायचं. माणूस दगड उचलून परत ठेवतो तेव्हा त्याची मातीकडची ओली बाजू वर येते. हे मला कुणी शिकवलं नाही. खेळ चांगला होता, हे मान्य करतो. त्या सकाळी मला आनंद व्हायचा, आणि त्याबद्दलही मला साडूचा राग यायचा.

दरम्यान त्याच्या कारखान्यात विभागप्रमुखाची जागा रिकामी व्हायची होती. त्याचे साहेब म्हैसूरकडचे, डोंगर-टेकड्यांची आवड असलेले. त्यांना हा खेळ दाखवायचा, असं साडूने ठरवलं. एका रविवारी साहेबांना घेऊन जायचं, त्यांच्या हातून डबा शोधवायचा. मेहुणी माझ्या बायकोला म्हणाली होती, "ताई, ही जागा मिळाली तर आम्ही इथेच घर बांधू. नाहीतर हे पुण्याला परत जायचं म्हणतात, आणि मला सासरी पुन्हा त्या घरात राहायचं नाहीये." तिचं एवढं सगळं त्या जागेवर लटकलं होतं, आणि मला ते माहीत होतं.

आदल्या आठवड्यात साडू खुणेचा कागद घेऊन माझ्याकडे आला. "तुम्ही एकदा करून बघा, साडूभाऊ. तुम्हाला सापडला तर साहेबांना सापडेलच."

मी शनिवारी एकटाच गेलो. कनकपुरा रस्त्यावरून आत एक गाव, गावामागे बोडकी टेकडी. पायथ्याशी पिंपळ आणि कडुनिंबाचा जोड, त्याखाली कट्टा, कट्ट्यावर नागाचे दगड ओळीने उभे. हळद-कुंकू ताजं. आपल्याकडे जसं देवळाशी, तसं त्या गावाचं ह्या नागरकट्ट्याशी नातं. चहाच्या टपरीवर मी कन्नडमध्ये सहज विचारलं, तर टपरीवाल्याने आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग म्हणाला, काही महिन्यांपूर्वी बाहेरची माणसं येऊन कट्ट्यामागे खणून गेली. निधी शोधत होती. निधी म्हणजे गुप्तधन. "आता कोणी दिसू दे, हात-पाय जागेवर ठेवणार नाही," तो म्हणाला. मी चहा संपवला.

डबा मला लगेच सापडला. वर एका कपारीत, सपाट दगडाखाली. दगडाची ओली बाजू वर होती. वहीत नाव लिहून खाली उतरायचं, एवढंच काम होतं. पेन्सिल हातातही घेतली होती.

मी डबा पिशवीत घातला. कपारीत एक चिठ्ठी ठेवली, इंग्रजी मोठ्या अक्षरांत: खेळाचा पुढचा टप्पा, इतके अंश, इतकी पावलं. मोजमाप अचूक होतं, माझ्या कामात चूक नव्हती. दुपारी कट्ट्यावर कुणी नव्हतं. नागाच्या दगडांमागे हाताने माती उकरली, डबा अर्धा पुरला, माती लोटली. परत येताना स्कूटरवर मी गुणगुणत होतो, हे मला आठवतं, आणि हे आठवणं मला फार जड जातं.

काय होईल असं मला वाटलं होतं? गावकरी ओरडतील, साहेबांसमोर त्याची शोभा होईल, बस. असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण टपरीवाल्याचं बोलणं मी ऐकलेलं होतं.

रविवारी दुपारी घरी फोन आला. साडूचे साहेब बोलत होते, कुठल्याशा बूथवरून, कन्नडमध्ये. तुमच्या नातेवाईकाला लोकांनी धरलं आहे, पोलीस ठाण्यात नेलं आहे, त्याला भाषा येत नाही, माझं कुणी ऐकत नाही, त्याच्या घरचं माणूस हवं म्हणतात, तुम्ही या.

साडू बाकावर बसला होता. शर्टाची बाही खांद्यापासून फाटलेली, ओठ सुजलेला, चष्मा नाही. समोर गावातली पाच-सहा वडीलधारी माणसं उभी. टेबलावर मातीने भरलेला डबा. साहेबांनी चिठ्ठी वाचल्यावर हसून म्हटलं होतं म्हणे, वा, दुसरा टप्पाही आहे का. आणि हा, आपण असं काही केलेलं नाही हे माहीत असूनही, साहेबांसमोर ते कबूल न करता पावलं मोजत खाली गेला. कट्ट्यामागे भुसभुशीत माती दिसली आणि त्याने हात घातला.

मला बघून तो उठला. आयुष्यात पहिल्यांदा मला बघून त्याला बरं वाटलेलं मी पाहिलं.

"अण्णा, ह्यांना सांगा. डबा मी वर ठेवला होता. कुणीतरी हलवलाय. ही चिठ्ठी माझी नाही. एवढं नीट सांगा, बाकी काही नको."

मी चिठ्ठी हातात घेतली. मग ठाण्याच्या अधिकाऱ्यांकडे वळून कन्नडमध्ये म्हणालो, "सार, त्याची चूक झाली म्हणतोय. खेळासाठी डबा त्यानेच इथे पुरला. बाहेरगावचा माणूस, जागा देवाची आहे हे त्याला कळलं नाही. तो माफी मागतो."

"आणि हा कागद?"

"खेळाचाच. त्यानेच लिहिलाय."

अधिकारी सैलावले. म्हातारे एकमेकांत बोलले. एक जण म्हणाला, कबूल केलं ना, सरी, ठीक आहे, मग नवरा-बायकोने येऊन नागाला दूध घालावं, आम्हाला दुसरं काही नको. त्याला लवकर सोडवायचा तोच मार्ग होता, असं मला म्हणता येईल. ते खोटंही नाही. पण मी ते त्यासाठी केलं नाही. चिठ्ठीची चौकशी झाली असती तर टपरीवाल्याला माझा चेहरा आठवला असता.

साहेब माझ्या मागे दारात येऊन उभे होते, हे मला तेव्हा कळलं जेव्हा ते पुढे झाले. त्यांनी माझं सगळं ऐकलं होतं. साडूला ते इंग्रजीत म्हणाले, "मला तर तू म्हणालास की डबा तू पुरलेला नाही."

"नाहीच पुरलेला," साडू म्हणाला.

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गाडीच्या किल्ल्या काढल्या. साडूने मला विचारलं, "तुम्ही काय सांगितलंत?"

"तुम्ही म्हणालात तेच. चला, लोकांचा विचार बदलायच्या आत निघू."

घरी मी आणखी एक पाऊल पुढे गेलो. बायको आणि मेहुणी वाट बघत होत्या. त्याला मोरीत हात धुवायला पाठवून मी हळूच म्हणालो, "त्याने कबूल केलं म्हणून सुटला. तुमच्यासमोर नाही म्हणेल. ताणू नका." तो बाहेर येऊन पुन्हा तेच सांगायला लागला, कुणीतरी डबा हलवला, तेव्हा मेहुणी म्हणाली, "पुरे आता. घरच्यांशी तरी खोटं बोलू नका." तसा गप्प झालेला मी त्याला कधी पाहिला नव्हता, आणि मला बरं वाटलं.

पुढच्या रविवारी त्या दोघांनी जाऊन नागाच्या दगडांवर दूध घातलं. मी भाषेसाठी बरोबर होतो. ज्याने काही केलं नव्हतं तो वाकला, आणि मी बाजूला उभा राहून नारळ धरला. विभागप्रमुखाची जागा दुसऱ्याला गेली. वर्षाच्या आत ते पुण्याला परतले, मेहुणीला जिथे राहायचं नव्हतं त्याच घरात. डबे कपारींत तसेच राहिले, खेळ बंद पडला. आणि नातेवाइकांत मी साडूला पोलिसांतून सोडवून आणणारा ठरलो. कुणी ते बोलून दाखवलं की मी, "सोडा हो," म्हणायचो.

तो आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी पुण्याला गेलो. एका लग्नाचं निमित्त सांगितलं. मेहुणीने दार उघडलं. तिचे केस पूर्ण पांढरे झालेले होते. ती चहा ठेवायला आत गेली. तो खुर्चीत बसला होता, पायावर चादर. मला बघून त्याने टीव्हीचा आवाज कमी केला, बंद केला नाही.

"काय, अण्णा," तो म्हणाला. "आभार घ्यायला आलात?"

"लग्न होतं इकडे."

"तिकडे आठ वर्षं काढली मी. जाताजाता थोडं कन्नड यायला लागलं होतं. ठाण्यात तुम्ही काय बोललात त्यातले शब्द मला पाठ होते, अर्थ नंतर कळला. चूक, माफी." त्याला धाप लागली. "का बोललात, ते मात्र मला अजून कळलेलं नाही."

त्याला अर्धंच कळलं होतं. चिठ्ठीचा संशयही त्याला आलेला नव्हता. इतकी वर्षं तो मला फक्त वाईट दुभाष्या समजत होता.

"सांगा की," तो म्हणाला. "आलाच आहात तर."

आत कप-बशा वाजत होत्या. मी गाडीत पाठ करून आणलेलं वाक्य तोंडात होतं. पण मी म्हणालो, "तुम्हाला सोडवायचं होतं. तुम्हाला तेव्हाही भान नव्हतं, आताही नाही."

त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. मेहुणीने चहा आणला, मी तो प्यायलो आणि निघालो. पावसाळा संपता संपता तो गेला.

पाठ केलेलं वाक्य असं होतं: डबा मी हलवला, चिठ्ठी मी लिहिली, ठाण्यात माझी चूक तुमच्या नावावर मी घातली आणि तुमच्या बायकोला तुमच्याबद्दल मी खोटं सांगितलं, मला क्षमा करा, आणि तिला आत्ता इथे बोलवा, म्हणजे तिच्यासमोर पुन्हा सांगतो.